वस्तू कुणाची, पाटी कुणाची?



म्युझियम म्हटले की आपल्या घरातली माणसे म्हणतात, तिथे काय बघायचे? राजेरजवाड्यांच्या तलवारी आणि पेंढा भरलेले वाघ! हे बोलणे अगदीच खोटे नाही. कष्टकरी माणसाच्या घरातली वस्तू सहसा काचेच्या पेटीत जाऊन बसत नाही. ती वापरून झिजते, मोडते, भंगारात जाते. पण म्हणून म्युझियमकडे पाठ फिरवायची का? यावेळी या सदरात दूरच्या एका समाजाची हकिकत सांगतो. आपल्या वाडवडिलांच्या वस्तूंसाठी हा समाज सातासमुद्रापार गेला. त्यांची गोष्ट ऐकली की म्युझियमकडे बघण्याची आपली नजर बदलेल, अशी खात्री वाटते.

न्यूझीलंड हे नाव क्रिकेटमुळे आपल्या पोरासोरांना पाठ आहे. गोऱ्यांच्या आधी तिथे राहत होते ते माओरी लोक. हवाई, सामोआ, टोंगा, ताहिती आणि ईस्टर बेट म्हणजेच रापा नुई, अशा पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर पसरलेल्या पॉलिनेशियन समाजाचे ते भाऊबंद. साधारण सातशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज होड्यांतून न्यूझीलंडला पोचले. होकायंत्र नाही, नकाशा नाही. तारे, लाटांची दिशा, पाखरांची ये-जा एवढ्यावर त्यांनी हजारो मैलांचा समुद्र कापला. पुढे काही गोऱ्या विद्वानांनी म्हटले, हे अडाणी लोक कसले येतात, वाऱ्याने भरकटत आले असतील. हवाईच्या लोकांनी जुन्या पद्धतीची ‘होकुलेआ’ नावाची जोडहोडी बांधली आणि १९७६ साली एकही यंत्र न वापरता ती हवाईहून ताहितीला नेऊन दाखवली. तोंडे बंद झाली! ज्याला आपण अडाणी म्हणतो त्याची विद्या फक्त आपल्या पुस्तकात लिहिलेली नसते, एवढाच त्याचा अर्थ.

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन. तिथे समुद्रकाठी ‘ते पापा’ नावाचे मोठे राष्ट्रीय म्युझियम १९९८ साली सुरू झाले. तिथे आणि जगातल्या इतर म्युझियमांत माओरींच्या कसल्या वस्तू आहेत ते आधी पाहू. हिरव्या कठीण दगडाची, हातात धरायची गदा असते. ती दगडावर दगड घासून महिनोन्महिने खपून केलेली. प्रत्येक नामांकित गदेला माणसासारखे नाव असते आणि ती बापाकडून लेकाकडे येते. गळ्यात घालायची ‘तिकी’ नावाची मूर्ती असते. अंगावर घ्यायच्या शाली असतात. हराकेके नावाची लांब पात्यांची वनस्पती तिथे उगवते. पाने शिंपल्याने खरवडून बायका तिचा धागा काढतात आणि मागाशिवाय, नुसत्या बोटांनी शाल विणतात. आपल्याकडे मातंग बांधव घायपाताचा वाख काढून दोर वळतात, तो वाख डोळ्यांपुढे आणा म्हणजे हे काम किती चिवट आहे ते कळेल. टोंगा-सामोआच्या बायका तर झाडाची साल कुटून कुटून तिचे कापड करतात.

या सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे त्यांचे सभाघर. आपण म्हणू लाकडी इमारत. माओरी म्हणतात, हा आमचा पूर्वज आहे. दर्शनी टोकावर कोरलेला चेहरा हे त्याचे तोंड. दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या फळ्या हे त्याचे पसरलेले हात. आढे म्हणजे पाठीचा कणा आणि वासे म्हणजे बरगड्या. आत शिरलेला माणूस आपल्या आजा-पणजाच्या कुशीत शिरतो. लग्न, मयत, पंचायत, पाहुणचार सगळे याच कुशीत. अशा वस्तूला ते ‘ताओंगा’ म्हणतात. म्हणजे जपून ठेवायचा ठेवा. तो मेलेला नसतो. त्याच्याशी बोलायचे असते, त्याच्यापुढे रडायचे असते.

आता या ठेव्याचे काय झाले ते ऐका. १८४० साली इंग्रजांनी वैतांगी येथे माओरी सरदारांशी करार केला. कागद इंग्रजीत एक आणि माओरी भाषेत जरा वेगळा. पुढे लढाया झाल्या, जमिनी गेल्या आणि जमिनीपाठोपाठ वस्तूही गेल्या. माताआतुआ नावाचे एक सभाघर न्गाती आवा या टोळीने १८७५ साली बांधून पुरे केले. चारच वर्षांनी सरकारने ते उचलून सिडनीच्या प्रदर्शनात नेले. तिथल्या माणसांनी त्याच्या भिंती उलट्या लावल्या! आत असायची नक्षी बाहेर आली. म्हणजे बघ्यांना एक पैशाची तसदी नको, बाहेरूनच सगळे दिसावे. पूर्वजाचे पोट फाडून आतडी बाहेर टांगावीत तसे ते झाले. तिथून ते मेलबर्नला गेले, मग लंडनला गेले. १९२५ साली न्यूझीलंडला परत आले, पण आपल्या लोकांत नाही, तर डनेडिनच्या म्युझियममध्ये. टोळीने चिकाटी सोडली नाही. १९९६ साली सरकारने ते त्यांच्या हवाली केले आणि २०११ साली वाकाताने गावी, मूळ मुलखात, ते पुन्हा उभे राहिले. नक्षी आत, माणसे आत. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ मागणी जिवंत ठेवणे सोपे नव्हते. मागणारी पिढी मरते, पुढच्या पिढीला ती मागणी शिकवावी लागते.

याहून अवघड गोष्ट माणसांच्या मस्तकांची. माओरींत मान्यवर माणसाच्या चेहऱ्यावर गोंदण असे. तो वारला की त्याचे मस्तक जपून ठेवत, घरच्यांनी त्याचा मान राखावा म्हणून. गोऱ्या व्यापाऱ्यांना ही वस्तू ‘नवलाची’ वाटली. ते बंदुकीच्या बदल्यात मस्तके घेऊ लागले. बंदूक नसेल ती टोळी मरणार अशी वेळ होती, म्हणून हा धंदा फोफावला. शेवटी १८३१ साली न्यू साऊथ वेल्सच्या गव्हर्नरने त्यावर बंदी घातली. तोवर अनेक मस्तके युरोप-अमेरिकेत पोचली होती. रॉब्ली नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने जमवलेली ३५ मस्तके १९०७ साली न्यूयॉर्कच्या म्युझियमने विकत घेतली. कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी आजा, आणि त्याच्या गळ्यात नंबराची चिठ्ठी!

२००३ साली न्यूझीलंड सरकारच्या आदेशाने ते पापा म्युझियमने ही माणसे घरी आणण्याचे काम रीतसर हाती घेतले. फ्रान्समधल्या रुआं शहराने एक मस्तक परत द्यायचे ठरवले तेव्हा तिथले सरकार आडवे आले. म्युझियममधली वस्तू ही राष्ट्राची मालमत्ता, ती देता येत नाही असा कायदा. मग २०१० साली फ्रान्सच्या संसदेने खास कायदा केला आणि पुढे फ्रान्समधल्या म्युझियमांतून २० मस्तके परत निघाली. न्यूयॉर्कची ती ३५ मस्तके २०१४ साली घरी आली. ते पापामध्ये ती कुणालाही दाखवत नाहीत. वेगळ्या पवित्र जागी ठेवतात आणि कोण कुठल्या टोळीचा याचा शोध घेतात. मालमत्ता की माणूस, हा सगळा झगडा या एका शब्दाचा होता. आपल्याला हा झगडा नवा नाही.

एका घंटेची गोष्टही सांगण्याजोगी आहे. १८३० च्या दशकात कोलेन्सो नावाच्या पाद्र्याला माओरी लोक एका काशाच्या भांड्यात बटाटे उकडताना दिसले. नीट पाहिले तर ती जहाजाच्या घंटेचा वरचा भाग होता आणि त्यावर जुन्या तमिळ लिपीत अक्षरे होती. मोहिदीन बक्ष याच्या जहाजाची घंटा, असा त्याचा अर्थ. हिंदुस्थानातली घंटा तिथे कशी पोचली याचा उलगडा आजवर कुणाला झालेला नाही. आज ती ते पापाच्या संग्रहात आहे आणि पाटीवर ‘तमिळ घंटा’ म्हणतात. पण जिने त्यात बटाटे उकडले त्या बाईच्या लेखी ते पातेले होते. वस्तू एक, पाट्या दोन. कुठली पाटी लागते हे ज्याच्या हातात लेखणी आहे तो ठरवतो. आजच्या लेखाचे सार इथे आहे.

माओरींनी ही लेखणी हातात कशी घेतली? १९८४ सालच्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये ‘ते माओरी’ नावाचे प्रदर्शन उघडले. वस्तू १७४. पण प्रत्येक वस्तूसाठी त्या त्या टोळीची परवानगी घेतली होती. उद्घाटन संध्याकाळी सूट-बूट घालून नाही, तर पहाटे झाले. माओरी वडीलधारी माणसे आपल्या भाषेत पूर्वजांना साद घालत म्युझियमची पायरी चढली. म्हणाल, हा एक सोहळा झाला. पण त्याचा परिणाम बघा. तोवर ज्या वस्तू जनावरांच्या सांगाड्यांशेजारी ‘रानटी लोकांचे नमुने’ म्हणून मांडत, त्याच वस्तू जगाने कला म्हणून पाहिल्या. प्रदर्शन मायदेशी परतले तेव्हा माओरी पोरे-पोरी पाहुण्यांना माहिती द्यायला उभी राहिली. ज्यांना शाळेत आपली भाषा बोलल्याबद्दल मार बसत असे, त्यांची नातवंडे! १९८७ साली माओरी भाषेला तिथे कायद्याने राजभाषेचा दर्जा मिळाला.

आणखी एक नाते आपल्या चळवळीतल्या तरुणांना सांगायला हवे. अमेरिकेत १९६६ साली ब्लॅक पँथर उभी राहिली. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन मुंबईत १९७२ साली दलित पँथर जन्मली हे आपण जाणतो. पण त्याआधी एक वर्ष, १९७१ साली, ऑकलंड शहरात पॉलिनेशियन पँथर जन्मली होती. कारखान्यात राबायला आणलेल्या बेटांवरच्या कुटुंबांची ही पोरे. मंदी आली तेव्हा पोलीस पहाटे यांच्याच घरांवर धाडी घालून कागदपत्रे मागत. पँथरच्या पोरांनी मुलांचा अभ्यास घेतला, भाडेकरूंना मदत केली, कायद्याचे हक्क सांगणारी पुस्तिका वाटली. त्या धाडींबद्दल न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी १ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर माफी मागितली. बेटांच्या रिवाजाप्रमाणे त्या खाली बसल्या आणि त्यांच्यावर चटई पांघरण्यात आली. एक बाप हिंदुस्थानात, एक बेटावर, पण लेकरांना नाव एकच सुचले!

आता घराकडे वळू. पूर्वजांचा ठेवा बाजारात जाण्याची गोष्ट आपल्यालाही चुकलेली नाही. उत्तर प्रदेशात पिप्रहवा येथे १८९८ साली पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराने स्तूप उकरला. त्यात तथागतांच्या अस्थी आणि त्यांच्याबरोबर वाहिलेली रत्ने निघाली. अस्थी सयामच्या राजाला दिल्या. बरीचशी रत्ने कोलकात्याच्या म्युझियमला गेली आणि काही पेपेच्या घरात राहिली. तीच २०२५ सालच्या मे महिन्यात हाँगकाँगला लिलावात निघाली. जगभरातून ओरड झाली, भारत सरकारने नोटीस दिली, लिलाव थांबला आणि जुलैअखेर ती मायदेशी आली. त्यासाठी एका उद्योगसमूहाला मध्ये पडावे लागले हेही लक्षात ठेवा. श्रद्धेने वाहिलेल्या मण्याला बोली लावायची असते का, हा माओरींचाच प्रश्न आपल्या दारात आला होता.

कोल्हापूर तर आपल्या रोजच्या एस.टी.च्या वाटेवर. सी.पी.आर. दवाखान्यात पेशंट घेऊन आपण शंभरदा गेलो असू. त्याच्याजवळच टाऊन हॉलचे म्युझियम आहे. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४४ ते ४६ या काळात उत्खनन झाले. तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा सापडल्या आणि पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची मूर्तीही सापडली. म्हणजे पंचगंगेच्या काठचा माणूस तेव्हा रोमच्या व्यापाऱ्यांशी देवघेव करत होता. त्याही आधी, इंग्रजी अमलात, कोल्हापुरात एका बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि दगडी पेटी मिळाली होती. पेटीवर ब्राह्मी अक्षरात दोन नावे आहेत. दान बम्हाचे, करवून घेतले धमगुताने. बघा, त्या माणसांनी आपली पाटी आपणच कोरून ठेवली. म्हणून इतक्या शतकांनी आपल्याला त्यांची नावे ठाऊक आहेत.

आणि आपल्या पणजीचे नाव? किती घरांत ते सांगता येईल?

इथे एक अवघड प्रश्न येतो. तो टाळून चालणार नाही. माओरींना पूर्वजांच्या वस्तूंचा अभिमान वाटतो. आपल्या वाडवडिलांच्या कितीतरी वस्तू अपमानाच्या होत्या. वेसकराची घुंगरू लावलेली काठी, शिळी भाकरी मागून आणायची पाटी, मेलेले ढोर ओढायचा दोर. बाबासाहेबांनी महाडला सांगितले, ही कामे सोडा. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या राज्यात महार वतन रद्द केले. कुरुंदवाड तेव्हा पटवर्धनांचे वेगळे संस्थान, महाराजांचा हुकूम इथे चालत नव्हता. नदीच्या एका अंगाला कायदा बदलला आणि दुसऱ्या अंगाला काठी तशीच राहिली. नंतर आपल्या माणसांनी ती काठी मोडली, दोर जाळला, १९५६ नंतर देव नदीत सोडले. त्यांनी जे केले ते योग्यच केले. गळ्यातला फास कुणी आठवण म्हणून जपत नाही.

मग तरुण मंडळी विचारतात, आता ते कशाला गोळा करायचे? जखम कशाला दाखवायची? प्रश्न रास्त आहे. पण अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचे राष्ट्रीय म्युझियम २०१६ साली वॉशिंग्टनला उघडले, त्यात गुलामांच्या बेड्या ठेवल्या आहेत. त्या बेड्यांची शरम बेडी घालणाऱ्याला वाटावी म्हणून. उद्या कुणी म्हणाला, असे काही घडलेच नाही, तर पुरावा लागतो. आणि आज तसे म्हणणारे निघत आहेत. माझे मत असे की काठी राहिली असेल तर ठेवावी, मात्र पाटी आपण लिहावी. दुसऱ्याने लिहिली तर ‘ग्रामीण लोकजीवनातील पारंपरिक काठी’ एवढेच लिहील. आपण लिहू, ‘ही काठी अमुक यांनी मोडून टाकली, त्यांचे नाव अमुक, साल अमुक.’

आणि आपल्याकडे नुसत्या जखमा नाहीत. आजीचे जाते आहे, ज्यावर तिने बाबासाहेबांची गाणी रचली. हलगी आहे. गिरणीतल्या आजोबांचे ओळखपत्र, पहिल्या मॅट्रिक झालेल्या मुलीचे सर्टिफिकेट, दीक्षेच्या वेळचा पांढरा लुगड्याचा तुकडा, धम्म परिषदेचे पत्रक, बॅज, फोटो. माईसाहेबांनी दिलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू पुण्याच्या सिंबायोसिसच्या संग्रहालयात आहेत, त्यात त्यांचे व्हायोलिन आहे. नागपूरजवळ चिचोलीला त्यांचे कपडे आणि टंकलेखन यंत्र आहे. कुणीतरी वेळीच जपले म्हणून ते राहिले. पण ज्या लाखो माणसांनी त्यांच्या शब्दावर आयुष्य बदलले, त्यांचा ठेवा पत्र्याच्या पेटीत आणि गोधडीच्या घडीत आहे.

आणि आपल्या गावात त्या पेटीला नदीची भीती आहे. कृष्णा-पंचगंगेचा पूर २००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला. जीव वाचवताना पेटी कोण उचलतो? पाणी ओसरल्यावर चिखलात चिकटलेले फोटो आणि दाखले किती घरांनी फेकून दिले ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. माओरींचा ठेवा बोटीने गेला, आपला पुराने जातो. फरक एवढाच की पुराने नेलेले परत मागता येत नाही.

म्हणून येत्या पावसाळ्याच्या आत प्रत्येक घराने एवढे करावे. एक, घरातल्या जुन्या वस्तूंची वही करा. वस्तू काय, कुणी केली, कुणी वापरली, तिच्याशी काय घडले, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. दोन, कागद आणि फोटो यांचे मोबाईलवर उजेडात नीट फोटो काढा आणि उंचावरच्या गावातल्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. तीन, मूळ कागद प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. चार, फोटो भिजलेच तर ओढून सोडवू नका, पुसू नका. स्वच्छ पाण्यात ठेवून हळू सुटे करा आणि सावलीत, चित्राची बाजू वर करून, सुती कापडावर वाळवा. उन्हात टाकू नका. पाच, विहारात एका रविवारी सगळ्यांनी वस्तू आणून मांडाव्यात. वस्तू ज्याची त्याने संध्याकाळी घरी न्यावी. पाट्या मात्र मुलांच्या हातून लिहून घ्या. बक्षीस ठेवायचे तर सगळ्यात चांगल्या पाटीला ठेवा.

त्यानंतर पोरांना कोल्हापूरला न्या. टाऊन हॉल दाखवा, नवा राजवाडा दाखवा, कसबा बावड्याचे शाहू जन्मस्थळ दाखवा. नुसते रांगेने फिरवून बाहेर आणू नका. प्रत्येक पेटीपुढे चार प्रश्न विचारायला सांगा. हे घडवले कुणी? वापरले कुणी? इथे आणले कुणी? आणि ही पाटी कुणी लिहिली? मखमलीची झूल दिसली तर ती शिवणाऱ्याचे बोट आठवू द्या. तलवार दिसली तर भाता फुंकणारा आठवू द्या. एवढे झाले की पेंढा भरलेल्या वाघाकडे बघायला पोरे थांबणार नाहीत.

चार प्रश्नांची उत्तरे पाटीवर नसतील तर वहीत लिहून आणा आणि आमच्याकडे पाठवा. निवडक पाट्या आणि मुलांची पत्रे या पानावर अवश्य छापू.